खिशात मावणारी चित्रवही

कष्टकऱ्याच्या घरात वही म्हटली की ती अभ्यासाचीच. चित्रासाठी वेगळी वही, तीही खिशात घालून हिंडायची, ही आमच्या वस्तीत अजून चैनच समजली जाते. आमची पुतणी नववीत आहे. शेतात, एस.टी.त, दवाखान्याच्या रांगेत, बसेल तिथे चित्र काढायचा तिला नाद. यंदा वसमतकडे हळद शिजवण्याच्या कामावर आजी गेली, तेव्हा ही सोबत होती. रेघांच्या वहीत तिने आजी काढली, वरून रंगाचा हात फिरवला, आणि पान पापडासारखे फुगले. मागची चार पानेही भिजली. आमचे थोरले बंधू म्हणाले, "दहावी झाली की हात पिवळे करायचेत. हे रंग कशाला?" अठराच्या आत असले काही होऊ देणार नाही, हे आम्ही दादांना तिथेच सांगितले. वहीचे मात्र बघणे भाग होते.

हिंगोलीत दुकाने धुंडाळताना एक गोष्ट कळली. वहीच्या वेष्टनावर 'जीएसएम' लिहिलेले असते, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे वजन किती ग्रॅम. नुसत्या पेन्सिलीला शंभर-सव्वाशेचा कागद पुरतो. पाण्याच्या रंगाला तो टिकत नाही. त्याला तीनशेचा चांगला. आकार लहान असेल आणि पाणी बेताने वापरले, तर दोनशेचाही चालतो. नुसता जाड कागद बघूनही भागत नाही. त्याला आतून खळ दिलेली हवी, नाहीतर टीपकागदासारखा तो रंग पिऊन टाकतो. तारेची वही सपाट उघडते खरी, पण पिशवीत तार वाकते, कपड्यात अडकते. शिलाईची, कडक पुठ्ठ्याची बरी. मांडीवर ठेवून काढायचे तर खाली आधार हवाच. आकार पोस्टकार्डाएवढा पुरे. संविधानाच्या मूळ हस्तलिखित प्रतीची पाने ज्यांनी शिष्यांसह सजवली, ते नंदलाल बोस पोस्टकार्डांवरही चित्रे काढून स्नेह्यांना पाठवीत.

अशी तयार वही मिळते, पण शाळेच्या चित्रवहीच्या कित्येक पट किमतीला. आम्ही कारकून माणूस, हिशेब केल्याशिवाय पाऊल टाकत नाही. तीनशे जीएसएमचा बावीस बाय तीस इंचांचा एक ताव घेतला. त्याचे साडेपाच बाय साडेसातचे सोळा तुकडे होतात. प्रत्येक तुकडा मधोमध दुमडला की बत्तीस पाने, चौसष्ट बाजू. सगळी एकत्र शिवली तर वही खिशाला जड होते, म्हणून आठ-आठ तुकड्यांच्या दोन केल्या. चार-चार तुकडे एकात एक घालून दाभणाने भोके पाडली, जाड दोऱ्याने शिवले. जुन्या फायलीचा पुठ्ठा कव्हराला लागला. कचेरीत फायली शिवून शिवून हात बसलेला, तो इथे कामी आला. खर्च तयार वहीच्या निम्म्याच्याही आत.

बाबासाहेबांनीही उतारवयात कुंचला हाती घेतला होता, उघड्या डोळ्यांचे बुद्ध रंगवले होते. दादांना हे सांगितले, तेव्हा ते जरा गप्प झाले. ही यंदा इंटरमिजिएट ग्रेड परीक्षेला बसणार आहे, पास झाली तर दहावीला वाढीव गुण मिळतात, हे ऐकल्यावर तर फॉर्मचे पैसे त्यांनी स्वतःच काढून दिले. गुणांची भाषा आपल्या लोकांना लवकर समजते.

रंगाची मोठी पेटी प्रवासात नको. वड्यांचे तुकडे करून गोळ्यांच्या रिकाम्या डबीत बसवले, एक बारीक कुंचला, औषधाच्या बाटलीत पाणी, पुसायला जुन्या लुगड्याची चिंधी. एवढ्यावर गेल्या रविवारी तिला औंढ्याला नेले. देवळाच्या बाहेरच्या भिंतींवरचे कोरीव काम काढायला दिवस पुरत नाही. तिने एकटा हत्तीच तीनदा काढला. उन्हाने रंग चटकन वाळत होता, लगेच पान उलटता येत होते. पावसाळ्यात मात्र जरा थांबून वही मिटावी लागेल, नाहीतर समोरच्या पानाला रंग लागतो.