तंबोरा मागच्या सीटवर

गाडी ही चालवणाऱ्यासाठी असते, हे माझं मत पक्कं होतं आणि ते मी कुणापुढेही हिरिरीनं मांडत असे. रस्ता स्टीअरिंगमधून तळहाताला कळला पाहिजे, वळणावर गाडी कलता कामा नये, पाय दाबल्याबरोबर इंजिननं उत्तर दिलं पाहिजे. एवढं असलं की गाडी झाली. मऊ सीटच्या लांबलचक गाड्या मला ड्रायव्हर ठेवणाऱ्या लोकांच्या वाटायच्या. हे मत निव्वळ हौसेपोटी बनलेलं नव्हतं. भोसरीत आमचा रबरी बुश आणि इंजिन माउंट बनवण्याचा कारखाना आहे. बुशचं रबर थोडं कठीण केलं की स्टीअरिंग किती धारदार होतं, हे मी रोज हातानं अनुभवत आलो आहे.

म्हणून बीएमडब्ल्यूची एम३४०आय २०२१ मध्ये भारतात आली तेव्हा मी ती फार विचार न करता घेतली. तीन लिटरचं, एका ओळीत सहा सिलिंडर असलेलं टर्बो इंजिन, ३८७ अश्वशक्ती, चारही चाकांना ताकद. शून्यापासून ताशी १०० किलोमीटर ४.४ सेकंदांत. तिची बांधणीही इथलीच, चेन्नईची. एका ओळीतल्या सहा सिलिंडरच्या इंजिनाचा समतोल मुळातच इतका उत्तम असतो की साडेपाच-सहा हजार फेऱ्यांवरही त्यात कुठे थरथर जाणवत नाही, फक्त आवाज चढत जातो. पहाटे खंबाटकी घाट चढताना तो आवाज ऐकण्यासाठी मी काच खाली करायचो. त्या आनंदाबद्दल माझं मत आजही तसूभर बदललेलं नाही. ती गाडी ज्या कामासाठी बनवली आहे ते काम ती अप्रतिम करते.

बदललं ते दुसरंच काही. आणि ते बदलायला कारण झाला एक तंबोरा.

माझी पत्नी शास्त्रीय संगीत गाते. सांगली, मिरज, कोल्हापूर, कराड इकडे तिच्या मैफिली असतात. तिचा तंबोरा मिरजेचाच आहे. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते वाचून तिला घरातल्या माणसाचा सत्कार झाल्यासारखा आनंद झाला होता. तंबोऱ्याचा भोपळा वाळवून पोकळ केलेला, वरून भक्कम दिसला तरी धक्क्याला नाजूक. तो डिकीत टाकता येत नाही. तिनं मागच्या सीटवर बसायचं, भोपळा मांडीशी धरायचा आणि दांडी तिरकी करून पुढच्या सीटच्या बाजूला टेकवायची, अशी आमची पद्धत होती. पुणे ते मिरज सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढे. त्यात उड्डाणपुलांचे जोड, रस्तारुंदीकरणासाठी काढलेले वळणरस्ते, गावागावांत गतिरोधक.

तिनं कधी तक्रार केली नाही. एकदा कराडहून परतताना मीच विचारलं, "आज सुरुवातीला थोडी अडखळलीस का?"

"गाडीतून उतरल्यावर अर्धा तास षड्ज स्थिर लागत नाही," ती म्हणाली. "अंग आतून हलत राहतं. आता मी ते धरूनच चालते, मैफिलीच्या आधी थोडं जास्त बसते तंबोऱ्यावर."

धरूनच चालते. हे ऐकून मी गप्प झालो. घाटात मी ज्या वळणांचा आनंद घेत होतो त्याच वळणांवर मागे एक माणूस दोन्ही हातांनी भोपळा सांभाळत होतं, आणि तेही वर्षानुवर्षं.

माझ्या धंद्यातल्या माणसाला अशा वेळी आकडे आठवतात. माणसाच्या शरीराला उभी कंपनं सर्वांत जास्त झोंबतात ती साधारण ४ ते ८ हर्ट्झच्या पट्ट्यात, म्हणजे सेकंदाला चार ते आठ वेळा. बसलेल्या माणसाचं धड आणि पोटातले अवयव याच सुमारास सर्वांत जास्त डोलतात. बसलेल्या माणसावरच्या कंपनांचं मोजमाप करणारं आयएसओ २६३१ हे प्रमाण याच जाणिवेवर उभं आहे. आता काँक्रीटचा रस्ता घ्या. आपल्याकडे त्याचे आडवे जोड सहसा साडेचार मीटरवर असतात. ताशी १०० म्हणजे सेकंदाला सुमारे २८ मीटर. भागाकार केला तर सेकंदाला सहा जोड. ताशी ८० ला पाच. म्हणजे कायद्यानं ठरवून दिलेल्या वेगानं शिस्तीत चाललात तरी रस्ता नेमका त्या पट्ट्यातच ठोकत असतो. हे गणित मी आयुष्यभरात कधीच मांडलं नव्हतं, कारण मी कायम पुढे बसत होतो आणि माझे हात व्यस्त होते. स्टीअरिंग धरलेल्या माणसाला धक्का येण्याआधी दिसतो, अंग तयार होतं. मागे बसलेल्याला तो नुसता लागतो.

या ठोक्यांपासून माणसाला वाचवायचं तर स्प्रिंगवर तोललेल्या गाडीचा स्वतःचा झोका संथ हवा, सेकंदाला एक-सव्वा. झोका जितका संथ, तितकी वरची जलद कंपनं खालीच राहतात. स्पोर्ट्स सेडानला वळणात कलायचं नसतं, म्हणून तिचे स्प्रिंग कडक, शॉकअप कडक, टायरच्या बाजूच्या भिंती बुटक्या. तिन्ही गोष्टी कंपनांना वरती वाट करून देतात. कुणी चुकीचं बनवलेलं नसतं. काहीतरी मिळवण्यासाठी दुसरं काहीतरी मोजलेलं असतं, एवढंच.

मग मी आरामदायी गाड्यांकडे प्रथमच एक कारागीर म्हणून पाहू लागलो, आणि ज्या शास्त्राकडे मी पाठ फिरवली होती ते केवढं खोल आहे हे दिसत गेलं. मॉरिस ऑली हा इंग्रज इंजिनिअर रोल्स-रॉइसमधून १९३०च्या सुमारास अमेरिकेत कॅडिलॅककडे गेला. त्यानं शोधून काढलं की पुढचे स्प्रिंग मागच्यांपेक्षा मऊ ठेवावेत. उंचवट्यावर पुढचं चाक आधी जातं, मागचं थोडं उशिरा. मागचा झोका किंचित जलद असेल तर तो पुढच्याला गाठतो आणि गाडी मागेपुढे डुलायची थांबून सपाट वरखाली होते. डुलणं माणसाला सहन होत नाही, सपाट वरखाली होणं होतं. लेक्ससच्या पहिल्या एलएस ४०० चं काम १९८३ मध्ये एइजी तोयोदांच्या सांगण्यावरून सुरू झालं आणि गाडी विकायला आली १९८९ मध्ये. इचिरो सुझुकी त्या कामाचे मुख्य इंजिनिअर. आवाज आणि थरथर जाड आवरणांखाली झाकण्यापेक्षा जिथे जन्मते तिथेच मिटवायची, हा त्यांचा हट्ट. साडेचारशेच्या आसपास नमुना गाड्या त्यापायी बनल्या. सेकंदाचा दहावा भाग वाचवण्यासाठी झटणाऱ्या माणसांचं मला जितकं कौतुक होतं तितकंच आता या माणसांचं वाटतं. किंबहुना थोडं जास्तच, कारण त्यांचं काम जमलं तर कुणाच्या लक्षातही येत नाही.

काही मित्र म्हणाले, एवढं आहे तर उंच एसयूव्ही घे. ते मला पटलं नाही. उंच गाडी कलू नये म्हणून पुन्हा तिला कडक करावं लागतं, आणि डोकं जमिनीपासून जितकं वर तितकं ते बाजूंना जास्त हलतं. मी चाकणलाच बनणारी लांब व्हीलबेसची मर्सिडीज ई-क्लास घेतली, डिझेल. चार सिलिंडर, दोन लिटर. १०० गाठायला साडेसात-आठ सेकंद लागतात, आणि ते मला चालतं. दोन्ही आसांमधलं अंतर ३०९४ मिलिमीटर, आधीच्या गाडीत ते २८५१ होतं. हा जवळजवळ पाव मीटर फक्त पाय पसरायला नसतो. आस जितके दूर तितकी तीच खाचखळग्याची उंची गाडीला कमी अंशांनी तिरकी करते, आणि मागे बसणारा माणूस चाकाच्या थेट डोक्यावरून थोडा पुढे सरकतो.

काय गेलं तेही सांगतो. स्टीअरिंगमधली ती बोलकी पकड गेली. सहा सिलिंडरचा आवाज गेला, आणि त्याची आठवण येते. नव्या गाडीत मी वळणावर आधीच वेग कमी करतो, कारण ती मोठी आहे आणि घाईला उत्साह दाखवत नाही. पण एक्सप्रेसवेवर सपाटीला मर्यादा १०० ची, घाटात त्याहून कितीतरी खाली. ज्या गाडीचं सामर्थ्य साडेचार सेकंदांत कायद्याच्या कडेला येऊन थांबतं, तिच्यासोबत उरलेले चार तास काय करायचे, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर उरलं नव्हतं. ती गाडी नाशिकच्या एका तरुण इंजिनिअरनं घेतली. मी त्याला एकच आग्रह केला, की वर्षातून एकदा तरी तिला चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर ने. ती काय करू शकते ते तिथे मोकळेपणानं पाहा, आणि सार्वजनिक रस्त्यावर ते शोधत बसू नकोस.

मिरजेचा रस्ता तोच आहे. पेठ नाक्यापुढचे हादरेही आहेत, कोणतीही गाडी ते नाहीसे करत नाही. पण पत्नी आता मागे बसून बंदिशींची वही वाचते, पुढच्या सीटमागून माझ्याशी बोलते, कधी डोळे मिटून गुणगुणते. पूर्वी त्या प्रवासात आम्ही दोघं फारसं बोलत नसू आणि मी ते तिच्या मैफिलीआधीच्या एकाग्रतेवर ढकलत असे. उतरल्यावर षड्ज लागायला किती वेळ लागतो हे मी विचारत नाही. तिनंच परवा सांगितलं, की हल्ली ती ठरल्या वेळीच तंबोरा जुळवायला बसते, आधी नाही.

कारखान्यात मी एक गोष्ट बदलली आहे. नव्या बुशची चाचणी घेताना पूर्वी आमचा माणूस गाडी चालवायचा आणि स्टीअरिंग कसं वाटतं ते लिहून आणायचा. आता दोन माणसं जातात. दुसरा मागच्या सीटवर, डाव्या बाजूला, वही मांडीवर ठेवून बसतो, आणि त्याचं अक्षर कुठल्या किलोमीटरला बिघडलं ते आम्ही आधी बघतो. दोघांच्या नोंदी जुळल्या नाहीत तर रबराचं मिश्रण पुन्हा बनवायला घेतो. ग्राहकानं हे मागितलेलं नाही. खर्च वाढतो आणि वेळही जातो, तरी ते चालू ठेवणार आहे.