हात रिकामे असतात तेव्हा

रेकी शिकायला येणाऱ्या बायकांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो, "ताई, याला रोज तासभर कुठून काढायचा?" प्रश्न रास्त आहे. पहिल्या डिग्रीची दीक्षा झाली की 21 दिवस रोज स्वतःला पूर्ण रेकी द्या, असं आम्ही सांगतो. डोळ्यांपासून तळपायांपर्यंत एकेका जागी तीन ते पाच मिनिटं हात ठेवायचे म्हटलं की तास सहज जातो. पुष्कळ जणी ते 21 दिवस नेटाने पार पाडतात. पुढे घरी पाहुणे येतात, मुलांच्या परीक्षा लागतात आणि रेकी सुटते. मग मनाला रुखरुख लागून राहते ती वेगळीच.

म्हणून 21 दिवसांनंतर मी तासाचा आग्रह धरत नाही. दिवसभरात तुमचे हात कधी रिकामे असतात तेवढं बघा, असं सांगते. हल्ली हात रिकामा झाला की आपोआप मोबाइलकडे जातो. त्यातला थोडा वेळ जरी स्वतःच्या अंगावर हात ठेवायला मिळाला, तरी मला तो पुरेसा वाटतो.

सकाळी जाग आल्यावर लगेच उठू नये. उताणं पडून एक तळवा छातीवर, दुसरा बेंबीवर ठेवावा. दाबायचं नाही, नुसता ठेवायचा. सुरुवातीला काहीच कळत नाही. कालची राहिलेली कामंच आठवत राहतात. थोड्या वेळाने खालचा हात श्वासाबरोबर वर-खाली होतोय हे ध्यानात येतं. मग तळव्याखाली ऊब जमते, कधी मुंग्या येतात, कधी बोटांच्या टोकांशी ठोके जाणवतात. शरीराच्या दुखऱ्या भागावर हाताला अशा ज्या खुणा कळतात, त्यांना जपानी परंपरेत 'ब्योसेन' म्हणतात. त्या ओळखायला पुस्तकापेक्षा रोजचा हातच शिकवतो. रोज त्याच जागी हात ठेवला की कालच्यापेक्षा आज पोट ताठ आहे, हे तळव्याला आधी कळतं.

मग दिवस सुरू होतो. कुकर लावल्यावर ओट्याशी उभ्या उभ्या दोन्ही हात मागे कमरेवर जातात. डोंबिवलीहून लोकलने जाताना गर्दीत एक हात कडीला असतो, पण दुसरा ओढणीखाली पोटावर ठेवता येतो आणि शेजारणीला पत्ताही लागत नाही. संध्याकाळी घरी आल्यावर आपल्याकडे हातपाय धुण्याची पद्धत आहेच. त्याला मी 'केन्योकु' जोडून दिलं आहे. उजवा तळवा डाव्या खांद्यावरून तिरका उजव्या कमरेपर्यंत फिरवायचा, मग डावा तसाच दुसऱ्या बाजूने, पुन्हा एकदा उजवा, आणि शेवटी दोन्ही दंडांवरून बोटांपर्यंत. श्वास सोडत सोडत करायचं. ऑफिसातली बोलाचाली दाराबाहेर ठेवायला मला याचा फार उपयोग होतो.

मूळ शिकवणीत सवलत घेऊन मी हे करते आहे, असं मला वाटत नाही. मिकाओ उसुईंनी 1922 मध्ये क्योटोजवळच्या कुरामा पर्वतावर 21 दिवस उपास आणि ध्यान केलं, तिथे त्यांना ही विद्या गवसली, असं परंपरा मानते. पुढे टोकियोत शिकवताना त्यांनी सकाळ-संध्याकाळ हात जोडून बसायला आणि पाच नियम मनात आणि ओठांवर आणायला सांगितलं. राग, काळजी, कृतज्ञता, काम आणि इतरांशी वागणं यांबद्दलचे ते नियम फक्त आजच्या दिवसापुरते पाळायचे असतात. माझ्या मते उसुईंची सगळ्यात मोठी देणगी तीच. जन्मभर रागावणार नाही, असं मी म्हणू शकत नाही. आजचा दिवस मात्र मला झेपतो.

ठरावीक जागांची शिस्त मुख्यतः चुजिरो हायाशी आणि हवायो ताकाता यांच्याकडून आपल्यापर्यंत आली. हायाशी नौदलातले डॉक्टर होते आणि टोकियोत त्यांचं उपचार केंद्र होतं. 1930च्या दशकात ताकाता तिथे उपचारांसाठी गेल्या, बऱ्या होऊन तिथेच शिकल्या आणि ही विद्या त्यांनी हवाई बेटांवर नेली. कुणी आडवं पडलं आहे आणि दुसरं कुणी त्याला रेकी देतं आहे, अशा वेळी तासाची बैठक शोभते. स्वयंपाकघरात आणि लोकलमध्ये रेकी टिकवायची तर ती लहान हवी, आणि रोज हवी.

माझ्या सासूबाईंचे गुडघे झिजले आहेत. त्यांची मालिका लागली की मी खाली सतरंजीवर बसते आणि त्यांचा उजवा गुडघा दोन्ही तळव्यांत धरते, एक हात वाटीवर, एक मागच्या खोबणीत. अर्धी मालिका होईपर्यंत त्या बोलत असतात. मग बोलणं थांबतं, पोटरी सैल पडते आणि त्या म्हणतात, "अगं, तापले की गं तुझे हात." त्यांच्या एक्स-रेमध्ये फरक पडलेला नाही. फिजिओथेरपीचे व्यायाम चालू आहेत आणि ते मी चुकू देत नाही. चिंता आणि नैराश्यावर रेकीचा उपयोग होतो की नाही, हे सांगण्याइतका पुरावा नाही, असं वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या 2015च्या आढाव्यात म्हटलं आहे. ते मी विद्यार्थिनींना पहिल्याच दिवशी सांगते. हातातून वाहणारी ऊर्जा ही माझी श्रद्धा आहे. सासूबाईंची सैल पडलेली पोटरी मात्र मी रोज हाताने अनुभवते आणि माझ्यासाठी तेवढ्यावर ही साधना उभी आहे.

म्हणून तुम्हाला एवढंच सांगणं आहे. आज रात्री दिवा मालवल्यावर हात पोटावर ठेवून झोपा, उद्या कुकर लावाल तेव्हा कमरेवर ठेवा. बीपीची, शुगरची, थायरॉईडची गोळी वेळेवर घेत राहा. रेकी घेताय, आता गोळ्या बंद करा, असं कुणी सांगितलं तर तो वर्ग त्याच दिवशी सोडा.