गुरुवारचं पान

आता सत्तरी ओलांडलेली आम्ही पेठांतली मंडळी एकत्र आलो, की बोलणं फिरून फिरून वाड्यातल्या स्वयंपाकघराशी येतं. कुणाकडे वाराला कोण यायचं, ही आठवण तर निघतेच. कुणाकडे सोमवार असायचा, कुणाकडे शनिवार. आमच्याकडे गुरुवार होता.

गावाकडून शिकायला आलेला गरिबाघरचा मुलगा आठवड्याचे सात दिवस सात घरी जेवायचा, त्याला वार लावून जेवणं म्हणत. त्याआधीच्या काळात खांद्याला झोळी अडकवून दारोदार माधुकरी मागणारे विद्यार्थी असत. 1909 साली पुण्यात निघालेल्या अनाथ विद्यार्थी गृहाची मुलंही सुरुवातीला माधुकरीवरच शिकली. आमच्या लहानपणी झोळ्या दिसेनाशा होत चालल्या होत्या, पण वार टिकून होते. आमच्याकडे येणाऱ्या मुलाला आम्ही भावंडं ‘गुरुवारचे दादा’ म्हणायचो.

त्या दिवशी आम्हा तिघांना कामं नेमून दिलेली असत. धाकट्यानं पाट मांडायचा, मी तांब्या-भांडं ठेवायचं, ताईनं वाढायचं. वाढण्याचेही आईचे नियम होते. आमटी तळापासून ढवळून वाढायची, वरचं पाणी नाही. तूप बाबांच्या भातावर पडेल तेवढंच दादांच्या भातावर. आणि ‘हवी का पोळी?’ असं कधीही विचारायचं नाही. संकोची माणूस ‘नको’च म्हणतो, म्हणून न विचारता पानात पोळी टाकायची. जेवण झालं की दादा स्वतःचं ताट उचलायला वाकायचे. त्याच्या आत ते आमच्यापैकी कुणीतरी उचललेलं असायला हवं, अशी सक्त ताकीद होती. कुणाचंही उष्टं ताट उचलताना नाक मुरडलेलं आईला चालत नसे.

एकदा माझ्या हातून चूक झाली. वाड्याच्या पायरीवर बसून मी मैत्रिणीला सांगत होते, “ते ना, आमच्याकडे जेवतात.” दिंडीतून आत येणाऱ्या दादांनी ते ऐकलं. तसे ते आत आले, मुकाट्यानं जेवले आणि गेले. पुढच्या गुरुवारी मात्र त्यांचं पान मांडलेलंच राहिलं. आईनं मला विचारलं, मी रडत सगळं सांगितलं. ती रागावली नाही. चुलीवरचा तवा उतरवून म्हणाली, “जा, तूच बोलावून आण. तू येईपर्यंत कुणी जेवणार नाही.”

नारायण पेठेत नदीच्या अंगाला त्यांची खोली होती. मी दारात उभी राहिले. काय बोलायचं ते वाटेत घोकलं होतं, पण तोंडातून शब्द फुटेना. दादांनी माझ्याकडे पाहिलं, खुंटीवरचा सदरा अंगात घातला आणि म्हणाले, “चल, पोळ्या गार होतील.” आज इतक्या वर्षांनीही ती वाट मला पावलापावलानं आठवते. आईनं मला माफी मागायला लावलं असतं, तर मी ती मागून मोकळी झाले असते.

आषाढीच्या आधी पालख्या पुण्यात मुक्कामाला यायच्या, तेव्हा वाड्याच्या ओसरीवर वारकरी उतरत. आम्हा मुलांच्या हातात आजी काशाची वाटी आणि तूप द्यायची. चालून भेगाळलेले तळवे तूप लावून वाटीनं घासायचे, हे आमचं काम. तळवा हळूहळू काळा होत जायचा आणि म्हाताऱ्या माणसाचे डोळे मिटायचे. घासून झालं की तो पांढऱ्या मिशांचा शेतकरी वाकून आम्हा पोरांच्याच पायांना हात लावायचा आणि ‘माउली’ म्हणायचा. सात-आठ वर्षांच्या मुलाला त्यानं कसं भांबावून जायला होतं, ते ज्यानं अनुभवलं त्यालाच कळेल.

पुढे 1962 च्या युद्धात ताईनं जवानांसाठी स्वेटर विणले. 1965 साली शास्त्रीजींनी आठवड्यातून एक वेळचं जेवण सोडायला सांगितलं, तेव्हा सोमवारी संध्याकाळी आमच्या घरची चूल पेटली नाही. हे सगळं करताना आपण सेवा करतोय असं आम्हाला वाटल्याचं आठवत नाही. पाणी भरणं, देवाची फुलं आणणं तशातलंच ते एक काम होतं.

पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. या मायेला कुंपण होतं. वाराला येणारा मुलगा बहुधा आपल्यातलाच असायचा. मागच्या बोळातून झाडायला येणाऱ्या बाईला आजी पोटभर वाढायची, सणाला गोडाचंही वाढायची. पण तिची जर्मनची ताटली मागच्या दाराच्या कोनाड्यात वेगळी असे आणि तिच्या ओंजळीत पाणी वरून ओतलं जाई. ते ओतण्याचं काम कित्येकदा माझ्याकडे यायचं. ज्या घरानं मला आमटी तळापासून ढवळायला शिकवली, त्याच घरानं हेही शिकवलं. दोन्ही मी सारख्याच आज्ञाधारकपणे शिकले, याचं मला आज फार वाईट वाटतं.

12 जुलै 1961, बुधवार. पालख्या पुढे जाऊन थोडेच दिवस झाले होते. पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचंही, आणि दुपारपर्यंत मुठेच्या काठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. लोक पर्वतीकडे पळत होते. आमचा वाडा सदाशिव पेठेत वरच्या अंगाला, म्हणून वाचला. पण शहराचं पाणी खडकवासल्याहून येई, त्यामुळे नळ कोरडे पडले आणि दिवेही गेले. आडाचं पाणी तेवढं उरलं. आईनं दिंडी दरवाजा सताड उघडा ठेवला. आम्ही भावंडं रहाटाशी उभं राहून दिवसभर पाणी काढत होतो. घागरी, कळश्या, डबे घेऊन रांग लागली होती. कोण कुठला हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही. दोराने माझे तळहात सोलले, तेव्हा आईनं त्यावर फडकं गुंडाळलं आणि पुन्हा दोर हातात दिला.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. दादांची खोली पाण्यात गेली असणार, हे आम्हाला ठाऊक होतं. तरी आईनं त्यांचं पान मांडलं होतं.

ते आले. गुडघ्यापर्यंत चिखल, अंगावर कालचाच सदरा. बरोबर एक म्हातारी होती, ओल्या लुगड्यात कुडकुडत. नदीकाठच्या वस्तीतली, तिचं कुणी सापडत नव्हतं. दादा उंबऱ्याबाहेरच थांबले आणि आईला म्हणाले, “काकू, आज माझ्याऐवजी यांना वाढाल का?”

आईनं आजीकडे पाहिलं. आजी सोवळ्यात होती. ती काही बोलली नाही. उठून तिनं स्वतःच्या हातानं दुसरा पाट मांडला, दादांच्या पाटाशेजारी. ताई दोघांना वाढत राहिली, न विचारता.

जेवण झाल्यावर म्हातारीनं सवयीनं आपलं ताट उचललं आणि मागच्या दाराकडे निघाली. मी बघत उभी होते.

“उभी काय राहिलीस?” आजी म्हणाली. “घे ते त्यांच्या हातातलं.”

मी ताट घेतलं. आडाशी नेऊन राखेनं घासलं, विसळलं आणि मांडणीवर बाकीच्या ताटांत लावलं.