सुट्टीत कोठे जाणार?

परदेशी शिकावयास गेलेल्या मुलाची चौकशी करण्याची आपली एक ठरलेली रीत आहे. तिकडे थंडी किती, जेवणाचे काय, खर्च कसा भागतो, आणि शिक्षण संपल्यावर तेथेच राहणार की परतणार, हे चार प्रश्न झाले की विचारणाऱ्याचे समाधान होते. सुट्टीत तो काय करतो, हे मात्र कोणी विचारीत नाही. सुट्टी म्हणजे सुखच, त्यात विचारावयाचे काय, अशी आपली समजूत! परंतु आमचा धाकटा भाऊ 2023 च्या ऑक्टोबरात जर्मनीतील हायडेलबर्ग येथे गेल्यापासून आमचे मत असे बनत चालले आहे की, परक्या मुलखातील माणसाची परीक्षा कामाच्या दिवसांत होत नाही. ती सुट्टी लागल्यावर होते. कामाच्या दिवशी वर्गात त्याला इतरांसारखेच एक बाक असते. सुट्टी लागली म्हणजे जो तो आपापल्या घरी जातो, आणि ज्याला जाता येत नाही तो कोण, हे सर्वांच्या आधी त्याचे त्यालाच कळते.

आम्हा दिल्लीकर सरकारी नोकरांना हे निराळे सांगावयास नको. गुढीपाडवा आणि गणेशचतुर्थी हे आमचे दोन मोठे सण येथील कचेरीच्या लेखी ऐच्छिक सुट्ट्या आहेत. वर्षाकाठी अशा दोनच सुट्ट्या घेता येतात, त्या या दोन दिवसांतच संपतात, आणि पुढे वर्षभर आमची इच्छा अशी काही उरत नाही. शिवाय आमच्या सेवापुस्तकात 'होम टाउन' असा एक रकाना असतो. नोकरीत शिरताना तेथे जे गाव लिहिले, तेथे दर दोन वर्षांनी एकदा सहकुटुंब जाण्याचे भाडे सरकार देते. हे गाव पुढे बदलावयाचे झाल्यास सबंध नोकरीत एकदाच, तेही सबळ कारण दाखवून आणि वरिष्ठांच्या मंजुरीने. घर म्हणजे काय, यावर तत्त्वज्ञांनी पुष्कळ खल केला असेल. सरकारची व्याख्या मात्र सुटसुटीत आहे. सुट्टीत जेथे जाण्याचे भाडे मिळते, ते घर. आमच्या रकान्यात सातारा आहे, आणि निजामुद्दीनहून सुटणारी गोवा एक्सप्रेस आम्हांला तेथे नेऊन सोडते.

परदेशातील विद्यार्थ्याला असा रकाना नसतो. तेथील विद्यापीठांची वर्षाची वाटणीही मोठी विलक्षण आहे. हिवाळ्याच्या सत्रातील व्याख्याने ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, उन्हाळ्याची एप्रिलच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत. मधले सारे महिने रिकामे. पण रिकामे हे नावालाच. हायडेलबर्ग ज्या बाडेन-व्यूर्टेंबर्ग राज्यात आहे तेथे 2017 च्या हिवाळी सत्रापासून आपल्यासारख्या देशांतील विद्यार्थ्यांना सत्रामागे 1500 युरो फी द्यावी लागते. निर्वाहासाठी बँकेत आधीच रक्कम अडकवून ठेवावी लागते, ती निराळी. 2024 च्या सप्टेंबरपासून ती वर्षाला 11,904 युरो, म्हणजे महिन्यास 992 झाली. विद्यार्थ्याने वर्षातून 140 पूर्ण दिवस काम करावे, अशी 2024 च्या मार्चपासून मुभा आहे. हे दिवस भरावयाचे केव्हा? अर्थात सुट्टीत. आमच्या भावाने पहिली लांब सुट्टी एका बेकरीच्या गोदामात पाव भरलेल्या पाट्या उचलण्यात घालविली. घरी मात्र तो नेकारकाठच्या जुन्या किल्ल्याची छायाचित्रे पाठवीत असे, आणि आई ती शेजारणींना दाखवीत असे.

ही तऱ्हा आजची नव्हे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 साली बडोदे सरकारची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले आणि तेथून 1916 साली लंडनला आले. इतर विद्यार्थी मौजेला जात तेव्हा हे ग्रंथालयाचे दार उघडण्यापासून ते बंद होईपर्यंत आत बसलेले असत. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे 1917 साली त्यांना अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले, आणि त्यांनी पोटाला चिमटा घेऊन जमविलेले ग्रंथ ज्या जहाजावर होते ते जहाज युद्धात पाणतीराने बुडाले. याहून विषण्ण करणारी गोष्ट पुढेच आहे. ज्यांना न्यूयॉर्कला आणि लंडनला राहावयास खोली मिळाली होती, त्यांना स्वदेशी, बडोद्यात, जातीपायी राहावयास जागा मिळेना. एका पारशी उतारशाळेतून त्यांना बाहेर काढण्यात आले. सेवापुस्तकातील रकाना भरला म्हणजे घर मिळतेच असे नाही, हे आम्ही त्या हकीकतीवरून शिकलो. 1920 साली ते पुन्हा लंडनला गेले. 1921-22 मध्ये ते किंग हेन्री रोडवरील ज्या 10 क्रमांकाच्या घरात राहिले, ते 2015 साली महाराष्ट्र शासनाने विकत घेतले. दिल्लीतील अलीपूर रोडचे 26 क्रमांकाचे घर, जेथे 6 डिसेंबर 1956 रोजी त्यांचे देहावसान झाले, ते तर आपणांपैकी पुष्कळांनी पाहिले असेल. आमच्या मनात मात्र त्यांच्या दादरच्या 'राजगृहा'तील 1934 सालचे एक छायाचित्र घर करून राहिले आहे. रमाबाई आहेत, यशवंतराव आहेत, घरची इतर माणसे आहेत, आणि त्यांच्याबरोबर टॉबी नावाचा कुत्राही आहे. ज्यांना एके काळी डोके टेकावयास जागा नाकारली गेली, त्यांच्या स्वतःच्या घरातील चित्रात कुत्र्यालाही मानाचे स्थान आहे, हे पाहून आम्हांला दर वेळी बरे वाटते.

आमच्या भावाच्या आयुष्यातही कुत्र्यानेच थोडा उलगडा केला. तिकडचा त्याचा पहिला नाताळ फार वाईट गेला. 24 डिसेंबरला दुपारनंतर दुकाने बंद, पुढचे दोन्ही दिवस सार्वजनिक सुट्टी. वसतिगृहातील मुले आपापल्या गावी गेलेली. त्याने आम्हांला फोनच्या पडद्यावर खिडकीतून रस्ता दाखविला. दिवे सर्व लागलेले आणि माणूस एक नाही. "दादा, येथे कोणी भांडतसुद्धा नाही," असे तो म्हणाला, आणि मग वहिनीला भाजीची कृती विचारू लागला. अडीच वाट्या पाणी की दोन, एवढ्या चौकशीवर त्याने पाऊण तास काढला. सौ.नेही त्याला घाई केली नाही.

वसंतात त्याने वसतिगृह सोडून ऐंशीच्या घरातील एका एकट्या बाईंकडे खोली घेतली. भाडे थोडे कमी, आणि त्याबद्दल सकाळ-संध्याकाळ कुत्र्याला फिरवून आणावयाचे, असा करार. कुत्रा डाक्सहुंड जातीचा, लांब अंगाचा, आखूड पायांचा, नाव वाल्डी. 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकचे बोधचिन्हही वाल्डी नावाचा असाच एक कुत्रा होता, तेव्हा या नावात फारसे नावीन्य नाही. नावीन्य निराळ्याच गोष्टीत होते. सहा महिने त्या गल्लीतून एकटा जाणाऱ्या आमच्या भावाला कोणी नमस्कार केला नव्हता. कुत्र्याची दोरी हाती येताच आठवड्यात सारी गल्ली बोलू लागली. आधी कुत्र्याची विचारपूस, मग हवेची, आणि शेवटी याची. पोस्टमन त्याला वाल्डीचा मुलगा म्हणू लागला. मनुष्याला मनुष्याशी बोलण्यासही कोणाची तरी ओळख लागते, आणि ती चारपायी असली तरी चालते! आमचा भाऊ त्या कुत्र्याशी मराठीतच बोलतो. 'चल', 'बस', 'गप' एवढे शब्द वाल्डीला येतात, आणि हल्ली म्हाताऱ्या बाईही 'गप' म्हणतात असे ऐकतो.

त्या देशात कुत्र्याला नागरिकत्वच तेवढे द्यावयाचे राहिले आहे. त्याच्यावर नगरपालिकेचा वार्षिक कर बसतो. आगगाडीत मांजराएवढा कुत्रा पेटीत घालून नेला तर फुकट, त्याहून मोठा असेल तर त्याचे अर्धे तिकीट. वाल्डी पेटीत बसण्यास राजी नसल्यामुळे आमचा भाऊ त्याचे अर्धे तिकीट काढतो, आणि दोघे मिळून ऱ्हाईनच्या काठची गावे पाहून येतात. आपल्याकडे वातानुकूलित पहिल्या वर्गाचा सबंध कूपे घेतला तर कुत्रा सोबत, नाही तर त्याची रवानगी गार्डाच्या डब्यातील पेटीत. वाल्डीसारख्याने गोवा एक्सप्रेसने साताऱ्यास यावयाचे म्हटले तर त्याला मोठ्या अधिकाऱ्याचीच ओळख काढावी लागेल.

2025 ची गणेशचतुर्थी 27 ऑगस्टला होती. त्या वेळी तिकडे सुट्टी असते, म्हणून भावाने दीड वर्ष पैसे साठवून विमानाचे तिकीट काढले होते. आईने गौरीच्या फराळाचे सामान श्रावणातच भरून ठेविले. महिन्याच्या आरंभी म्हाताऱ्या बाई जिन्यावरून पडल्या आणि त्यांचे कंबरेचे हाड मोडले. रुग्णालय, मग व्यायामोपचार, असे दीड-दोन महिने जाणार होते. त्यांना जवळचे कोणी नाही. कुत्रा ठेवून घेणाऱ्या संस्था तिकडे आहेत. पण वाल्डी चौदा वर्षांचा, त्याने अन्न सोडले होते आणि तो दाराशी बसून राहिला होता. भावाने तिकीट रद्द केले. "दादा, आईला तू सांग," एवढेच तो आम्हांला म्हणाला. सरकारी नोकरीत आम्ही अप्रिय मजकुराचे पुष्कळ मसुदे केले आहेत. परंतु त्या दिवशी साताऱ्याचा फोन लावण्यापूर्वी आम्ही दोनदा चहा घेतला.

आई ऐकून घेऊन म्हणाली, "कुत्र्यापायी आला नाही म्हणतोस?" आणि तिने फोन ठेवला. पुढे दोन दिवस ती आमच्याशीही बोलली नाही. तिची बाजू खोटी होती असे आम्हांला आजही वाटत नाही. दोन वर्षे वाट पाहिलेल्या आईला एका परक्या बाईचे हाड आणि परक्या कुत्र्याची भूक का म्हणून मोठी वाटावी?

योगायोग असा की, त्याच महिन्यात आमची दिल्ली कुत्र्यांच्याच प्रश्नाने पेटली होती. 11 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने राजधानी परिसरातील भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश दिला. 22 ऑगस्टला त्रिसदस्यीय पीठाने त्यात बदल केला : निर्बीजीकरण आणि लस झालेला कुत्रा ज्या भागातून उचलला तेथेच परत सोडावा, पिसाळलेले आणि हिंस्र तेवढे वगळावेत. कुत्र्यांनी चावे घेतलेल्या लेकरांच्या आईबापांचे दुःख खरेच आहे, आणि त्याची थट्टा आम्ही करणार नाही. पण 'जेथून उचलला तेथेच परत' हे शब्द वर्तमानपत्रात वाचून आमच्या कचेरीत क्षणभर शांतता पसरली. बदलीच्या आदेशात हे वाक्य आम्ही कोणी कधी पाहिले नव्हते. रामकृष्णपुरममधील आमच्या जिन्याखाली काळू नावाचा एक वृद्ध कुत्रा असतो. आठ वर्षे समोरासमोर राहून आमच्याशी स्मितापलीकडे न गेलेल्या पंजाबी शेजारीणबाई त्या आठवड्यात प्रथमच आमचे दार ठोठावून आत आल्या. काळूच्या लशीचा दाखला कोणाकडे आहे, हे त्यांना हवे होते. तो आमच्याकडेच होता. त्या तासभर बसल्या. हायडेलबर्गच्या गल्लीत जे घडले तेच आमच्या जिन्यावर घडले, एवढेच की आम्हांला आठ वर्षे लागली.

आईचा फोन आला तो गौरीविसर्जनाच्या संध्याकाळी. आवाज नेहमीचा. नामदेवांच्या पुढ्यातील भाकरी कुत्र्याने पळविली तेव्हा ते कोरडी लागेल म्हणून तुपाची वाटी घेऊन मागे धावले, ही गोष्ट आम्ही तिच्याच तोंडून लहानपणी ऐकलेली. नामदेवांचेही पुष्कळ दिवस दूर पंजाबात गेले. घुमानला त्यांचे स्थान आहे, आणि गुरुग्रंथसाहिबात त्यांची 61 पदे आहेत. त्यांच्या घरी कोणी वाट पाहत होते की नाही, याचा विचार आम्ही पूर्वी केला नव्हता. आईने या कशाचाही उल्लेख केला नाही. ती म्हणाली, "त्या म्हातारीचं हाड जुळलं का, विचार त्याला. आणि ते कुत्रं काय खातं? भाकरी चालते का त्याला?" आम्ही भावाला कळविले. त्याने ज्वारीचे पीठ शोधून भाकरी थापली. वाल्डीने ती हुंगली आणि सोडून दिली. आईला हे सांगताच ती हसली. त्या गणपतीत ती प्रथमच हसली असावी.

आता भावाचे शिक्षण संपत आले आहे. पदवीनंतर नोकरी शोधण्यासाठी तेथे दीड वर्षापर्यंत राहता येते. साताऱ्यातच जन्मलेले रा. ना. दांडेकर 1938 साली याच हायडेलबर्गची डॉक्टरेट मिळवून परतले आणि पुण्याच्या भांडारकर संस्थेत त्यांनी आयुष्य वेचले, हे आम्ही भावाला एकदा सहज म्हणून लिहिले होते. त्यावर त्याने उत्तर दिले, "दादा, तूही साताऱ्याचाच ना?" या वाक्यानंतर परतण्याचा विषय आम्ही काढलेला नाही. आमच्या दोन्ही मुलांचा जन्म दिल्लीचा आहे, आणि साताऱ्याला ती आजीचे गाव म्हणतात.

म्हाताऱ्या बाई काठी घेऊन घरात हिंडू लागल्या आहेत, आणि येत्या सुट्टीत भाऊ तीन आठवडे येतो आहे. आम्हीही होम टाउनच्या सवलतीचा आणि दहा दिवसांच्या अर्जित रजेचा अर्ज टाकला आहे. वरिष्ठांची सही अद्याप व्हावयाची आहे. मागे काळूला जेवण कोण घालील, असे सौ.ने विचारताच समोरच्या शेजारीणबाईंनी ते काम आपणहून मागून घेतले.