निष्ठा कोणाशी?

पेडण्यातल्या चोपड्याहून शापोरा नदी ओलांडली की शिवोली. 1883 मध्ये फादर विल्यम रॉबर्ट लायन्स यांनी तिथे फुटबॉल आणला आणि गोव्याला त्याचे वेड लागले ते कायमचेच. फिलिपिन्सला असेच वेड बास्केटबॉलचे. अमेरिकी राजवटीत हा खेळ तिथे गेला आणि गल्लीबोळांत रुजला. त्या देशाने ज्याला सर्वांत जास्त डोक्यावर घेतले, तो रॉबर्ट जावोर्स्की.

स्वभावाने तापट. 1971 मध्ये पंचांवर हात टाकला म्हणून त्याच्यावर आजन्म बंदी आली. पुढे ती उठली आणि 1973 मध्ये आशियाई विजेतेपद मिळवणाऱ्या संघात तो होता. पण लोकांच्या मनात तो घर करून बसला तो ऑक्टोबर 1985 मधल्या एका सामन्यामुळे. वय 39. हिनेब्रा संघाचा तो खेळाडूही होता आणि प्रशिक्षकही. प्रतिस्पर्ध्याचे कोपर तोंडावर बसले, ओठ फाटला. रुग्णालयात नेऊन नऊ टाके घातले. इकडे संघ पंधरा-एक गुणांनी मागे पडलेला. अशात हा गडी टाक्यांसकट परत आला आणि मैदानात उतरला. प्रेक्षकांनी छप्पर डोक्यावर घेतले, पोरांच्या अंगात बळ आले आणि हातचा गेलेला सामना हिनेब्राने जिंकला. प्रशिक्षकाने संघासाठी याहून जास्त काय करायचे? पुढे पन्नाशी उलटेपर्यंत तो खेळत राहिला. 1990 च्या बीजिंग आशियाई खेळांत त्याच्या हाताखालच्या राष्ट्रीय संघाने रौप्यपदक मिळवले.

1998 मध्ये तो सिनेटवर निवडून आला. सिनेनट जोसेफ एस्ट्राडा त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष झाले, आणि जावोर्स्की त्यांच्याच आघाडीचा उमेदवार होता. दोन वर्षांत एस्ट्राडांवर भ्रष्टाचाराचे आरोप झाले आणि सिनेटमध्ये महाभियोग उभा राहिला. 16 जानेवारी 2001 रोजी प्रश्न आला तो एका पाकिटाचा: बँक खात्याचे पुरावे असलेले ते पाकीट उघडायचे की नाही? 11 विरुद्ध 10 मतांनी ते बंदच राहिले. त्या अकरांत जावोर्स्की होता. लोक मनिलाच्या रस्त्यावर उतरले आणि चार दिवसांत एस्ट्राडांना राजवाडा सोडावा लागला. 2004 मध्ये मतदारांनी जावोर्स्कीला पुन्हा निवडून दिले नाही.

त्याच्या मनात काय होते ते तोच जाणे. मला मात्र त्या मतात मैदानावरचाच माणूस दिसतो. आपल्या संघाचा गडी अडचणीत आहे, त्याची साथ सोडायची नाही, हे त्याच्या अंगात मुरलेले. मैदानावर हा गुण सोन्यासारखा. सिनेटमध्ये संघ कोणता, हे मात्र आधी ठरवावे लागते. तिथे त्याचा संघ एस्ट्राडांचा गट नव्हता. ज्यांनी मते दिली ते लोक होते.

आम्हां गोंयकारांना हे दुखणे उलट्या बाजूने माहीत आहे. 2019 मध्ये काँग्रेसचे दहा आमदार भाजपमध्ये गेले, 2022 मध्ये आठ. नार्व्याहून दिवाडीला जाणाऱ्या फेरीबोटीत बसा, कोणी उडी मारली याच्याच गप्पा. तेव्हा प्रत्येकाच्या तोंडी एकच तक्रार: यांना निष्ठाच नाही. तक्रार खरी आहे. पण जावोर्स्कीकडे बघितले की वाटते, पक्षाला चिकटून राहिला एवढ्यावर आमदार चांगला ठरत नाही. पुढाऱ्याला झाकणारी निष्ठाही मतदाराला तेवढीच महागात पडते.

खेळाडूंनी राजकारणात येऊ नये असे मी म्हणणार नाही. यावे. हार कशी पचवायची हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळते. पण उद्या डिचोलीत, पेडण्यात एखादा नावाजलेला खेळाडू हात जोडून तुमच्या दारात आला, तर त्याच्या चषकांचे कौतुक जरूर करा आणि मग त्याला विचारा: बाबा, तुझा नेता एका बाजूला आणि गाव दुसऱ्या बाजूला असे झाले, तर तू कोणाकडून खेळशील? उत्तर ऐका आणि मगच मत द्या.