खापरचे कूड आणि अशरांचा वाडा

अक्कलकुव्याहून गुजरातच्या सीमेकडे निघालें कीं खापर लागतें. सातपुड्याच्या या पायथ्याशीं बांबूच्या कुडाचीं, शेणामातीनें लिंपलेलीं घरें अद्याप दिसतात. तीं पाहतांना आम्हांस एडगर ॲलन पो यांच्या १८३९ सालच्या भयकथेंतील अशरांचा वाडा आठवला. इंग्रजींत ‘हाउस’ म्हणजे घर आणि घराणेंही. कथेची खुबी तेथेंच आहे. छपरापासून खालच्या काळ्या डोहापर्यंत उतरलेली बारीक भेग भिंतीला आहे, तशी वंशालाही. त्या घराण्यास शाखाच फुटल्या नाहींत. शेवटीं उरलीं जुळीं भावंडें. बहीण मेली असें समजून भाऊ तिला तळघरांत ठेवतो, तेव्हां थांबवावयास ना चुलती, ना आत्या. होता तो एक पाहुणा, आणि त्यानें तर पेटीला हात लावला! पुढें बहीण उठून येते, आणि वाडा दुभंगून डोहांत बुडतो.

कुडाला भेगा पहिल्यापासूनच. त्यांतून चुलीचा धूर बाहेर जातो, शेजाऱ्याची हांक आंत येते. लिंपण पडलें कीं पुन्हा चढतें. तेथें कोणाचा आक्रोश लपावयाचा नाहीं. आमच्या चौसोपी वाड्यांच्या भिंती मात्र हात-हात रुंद, आणि पुष्कळांत आतां माणसें दोन-तीनच उरलीं आहेत.