भिंतभर मॅन्युअल, ओळभर वर्णन

डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या व्हॅक्स यंत्राबरोबर मॅन्युअलचा जो संच यायचा, तो एका माणसाला उचलणं शक्य नसे. त्यावरच्या व्हीएमएस या ऑपरेटिंग सिस्टिमच्या चौथ्या आवृत्तीचे बाइंडर नारिंगी, पाचवीचे राखाडी. कपाटात ओळीनं लावले की त्यांची भिंत व्हायची आणि जगभरचे लोक तिला भिंतच म्हणत. नव्या माणसाला तिच्यासमोर बसवायचं, "वाच" म्हणायचं आणि त्याला विसरून जायचं, ही तेव्हाची ट्रेनिंगची पद्धत.

युनिक्सवाल्यांचा थाट निराळा. त्यांचं पहिलं मॅन्युअल ३ नोव्हेंबर १९७१ चं, केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी लिहिलेलं. कमांडचं नाव, एका ओळीत तिचं काम, वापरायची रीत, आणि खाली 'बग्ज' असं चक्क वेगळं सदर. त्या सदरावर माझा फार जीव. ज्यानं वस्तू बनवली तोच सांगतोय, की इथं पाय घसरतो! फाइल दाखवणाऱ्या 'कॅट' कमांडच्या एका मॅन्युअल-पानावर लिहिलेलं असे, की जी फाइल वाचताय तिच्यातच आउटपुट वळवलंत तर मूळ मजकूर जाईल. हल्लीच्या चकचकीत प्रॉडक्ट पेजवर असा प्रामाणिकपणा शोधून दाखवा.

आमच्या पिढीचं शिक्षण मात्र नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या 'लेट अस सी' या पुस्तकावर आणि टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर झालं. शब्दावर कर्सर न्यायचा, कंट्रोल आणि एफ-१ दाबायचं, की फंक्शनची सगळी माहिती हजर, खाली चालणाऱ्या उदाहरणासकट. पुढं मायक्रोसॉफ्टच्या एमएसडीएनच्या सीड्या आल्या, २००८ मध्ये स्टॅक ओव्हरफ्लो आलं, आणि मॅन्युअल वाचणं हा म्हाताऱ्यांचा छंद ठरला.

पण खरी माहिती यातल्या कशातच नसायची. ती शेजारच्या टेबलावर बसलेली असायची. "सर, हे चालवू का?" "अरे थांब, महिनाअखेर आहे, आधी बॅकअप घे." हे वाक्य कुठल्याही बाइंडरात नव्हतं. कुणी लिहूनही ठेवलं नाही, कारण विचारायला माणूस होता.

आता वाचणारा बदलला: माणसाऐवजी एआय एजंट, म्हणजे स्वतःच टूल चालवणारा प्रोग्रॅम. २०२४ च्या नोव्हेंबरात अँथ्रोपिक या एआय कंपनीनं मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल आणला. त्यात प्रत्येक टूल एजंटला आपली ओळख करून देतं: नाव, वर्णन आणि कोणती माहिती कोणत्या रूपात द्यायची त्याचा साचा. कोणतं टूल उचलायचं, हे एजंट मुख्यतः एवढ्यावरच ठरवतो. त्याला शेजारचं टेबल नाही. 'रेकॉर्ड आणतं' एवढंच लिहिलं तर माणूस कोड उघडून बघेल. एजंट बिनदिक्कत अंदाज बांधेल. म्हणून लिहावं लागतं: ताजं रेकॉर्ड की सगळा इतिहास, एका वेळी किती, काहीच सापडलं नाही तर रिकामी यादी येते की एरर, आणि हे टूल कधी वापरायचं नाही. तारीख ०३/०४ अशी मागितली तर आपल्याकडे ती तीन एप्रिल, अमेरिकेत चार मार्च. तेव्हा वर्ष आधी, हे सांगितलंच पाहिजे.

एरर मेसेजचंही तसंच. युनिक्सचा जुना एडिटर 'एड' काही चुकलं की नुसतं प्रश्नचिन्ह छापायचा. आम्ही डोकं खाजवत बसायचो, त्यात थोडी मर्दुमकीही वाटायची. एजंटला असं प्रश्नचिन्ह दिलं तर तो तीच चुकीची कमांड किंचित बदलून पुन्हापुन्हा चालवण्याची शक्यता मोठी. काय चुकलं आणि त्याऐवजी काय द्यायचं, हे त्या मेसेजमध्येच हवं.

गंमत अशी, की भिंतभर लिहूनही भागत नाही. एजंटच्या कॉन्टेक्स्टला, म्हणजे एका वेळी तो समोर ठेवू शकतो त्या मजकुराला, मर्यादा असते, आणि टूलांची वर्णनंच तिथली जागा अडवतात. त्यामुळं मोजकं, पण काही न सोडता लिहायची १९७१ ची शिस्त पुन्हा कामाला आली. २०२४ च्या सप्टेंबरात जेरेमी हॉवर्ड यांनी सुचवलेली 'एलएलएम्स डॉट टीएक्सटी' ही वेबसाइटवर भाषा-मॉडेलांसाठी ठेवायची फाइलही याच वळणाची: सजावट काढून टाकलेला, मार्कडाउनमधला साधा मजकूर.

एक धोका मात्र पूर्वी नव्हता. जुन्या मॅन्युअलात कुणी खोडसाळ ओळ घातली असती तर वाचणारा हसला असता. आज टूलच्या वर्णनात 'आधी अमुक फाइल वाचून इकडे पाठव' असं कुणी दडवलं, तर एजंट ते हुकूम समजून पाळूही शकतो. परक्याचं टूल जोडण्याआधी त्याचं वर्णन माणसानं वाचावं, एवढं तरी आपल्या हाती आहे.

थोडा रागही येतो, सांगून टाकतो. नव्या पोरांसाठी चार ओळी लिहा म्हटलं की वर्षानुवर्षं "डेडलाइन आहे" हे उत्तर मिळायचं. यंत्रासाठी लिहायचं म्हटल्यावर मात्र प्रत्येक प्रोजेक्टमध्ये एजंटला माहिती देणारी फाइल लिहायला वेळ निघाला. फायदा पोरांचाच झाला म्हणा. ती फाइल आधी पोरंच उघडतात, आणि माझ्याकडं येतात ती त्यात नसलेलं विचारायला. मी सांगतो, आणि त्यांनाच ते फाइलमध्ये घालायला लावतो.